एकट्या माणसाला एक ब्रेड जास्त होतो

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही सेक्रेटरींनीच ठरवलाय : ‘काका, तुम्ही ब्रेडवर बोला.’ 35 वर्षं बँकेत नोकरी केली, 6 वर्षं सोसायटीचा खजिनदार होतो, पण ओळख राहिली ती ‘बी विंगचे ब्रेडवाले काका’. तक्रार नाही माझी.

मी मूळचा पारनेर तालुक्यातला. लहानपणी आमच्या घरी पाव यायचा तो फक्त कुणाला ताप आला की. दुधात बुडवून खायचा. त्यामुळे पावाचा वास आला की मला अजून कपाळावरची ओली पट्टी आठवते. आजी तो स्वयंपाकघरात येऊ देत नसे, ओसरीवर बसूनच खायचा. ‘पायांनी मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात,’ असं ती ठामपणे सांगायची. हा शब्द पोर्तुगिजांबरोबर आला, त्याचा पायाशी काही संबंध नाही, हे मला फार उशिरा कळलं. पण आजीला तरी काय बोलणार! 1849 साली मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी परमहंस सभा काढली. तिथे सभासद व्हायचं तर ख्रिस्ती माणसाने केलेला पाव खावा लागे. जात मानत नाही याची ती परीक्षा. आणि तीही गुपचूप! पुढे सभासदांची नावं बाहेर फुटली आणि सभा मोडली. तोच पाव आज आपण मिसळीबरोबर ‘एक्स्ट्रा’ मागवतो.

असो. माझ्या ब्रेडची गोष्ट 2020 ची आहे. आमची ही जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते. मुलगी पुण्यात, मुलगा बंगळुरूला. मी डबा लावला होता. लॉकडाऊन लागला आणि डबा देणाऱ्या ताई गावी निघून गेल्या. मला येत होता फक्त चहा. स्वयंपाकघरात चहापुरताच जायचो, तिचे डबे उघडायला हात धजत नव्हता.

एक दिवस तांदूळ शोधताना तिची वही सापडली. त्यात ‘वाळूवरचा केक’ होता. जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवायची, त्यावर केकचा डबा, वरून झाकण. नानकटाईला मात्र ती दिवाळीत सगळं सामान घेऊन बेकरीत जायची. भट्टीपाशी नंबर लावून बसायची आणि पिशव्या धरायला मी. वहीत ब्रेड नव्हता. पण त्या भट्टीचा वास आठवला आणि वाटलं, करून बघू. मुलीने फोनवर सांगितलं. यीस्ट नव्हतं. समोरच्या ताईंकडे पिझ्झ्यासाठी आणलेलं अर्धं पाकीट होतं, त्यांनी ते माझ्या दाराबाहेर ठेवलं. वाळू कुठून आणणार? पातेल्यात जाडं मीठ घातलं.

पहिला ब्रेड म्हणजे वीट. कंपाउंड वॉलला लावता आली असती. पाणी मी चहासारखं कडक तापवलं होतं, यीस्ट त्यातच मेलं. ते जिवंत असतं हेच मला माहीत नव्हतं! पाणी बोटाला जेमतेम कोमट लागेल एवढंच हवं. आपण ज्वारीची माणसं. भाकरीला उकळतं पाणी चालतं, कारण ज्वारीला गव्हासारखा चिकटपणा नाही, उकळत्या पाण्यानेच ते पीठ धरून राहतं. ब्रेडचं उलटं. मैदा दहा-पंधरा मिनिटं रगडून मळायचा, तो रबरासारखा ताणला जातो आणि यीस्टची हवा आत कोंडून धरतो. 500 ग्रॅम मैद्याला 320 मिली पाणी, 10 ग्रॅम मीठ, 5 ग्रॅम यीस्ट, चमचाभर साखर, थोडं तेल. मग झाकून ठेवून वाट बघायची. आपल्या नगरच्या मे महिन्यात पाऊण तासात दुप्पट होतं, डिसेंबरात दोन-अडीच तास. त्या दिवसांत माझ्याकडे वेळच वेळ होता, आणि घरात आपली वाट बघायला लावणारं काहीतरी आहे हे बरं वाटायचं. मध्येच उठून फडकं उचलून बघायचो.

तिसरा ब्रेड जमला. खालून टिचकी मारली की पोकळ आवाज येतो, तसा आला. गार होईपर्यंत कापू नको, असं मुलीने बजावलं होतं. मी कापला. उभ्या उभ्या दोन जाड तुकडे तूप लावून खाल्ले. पाच महिन्यांत पहिल्यांदा मला भूक लागली होती.

पण एकट्याला एक ब्रेड संपत नाही. अर्धा यीस्टवाल्या ताईंच्या दाराशी ठेवला. आपल्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. ते आलं पिठलं घेऊन. पुढच्या वेळी वरच्या मजल्यावर दिला, तिथून मेथीची भाजी आली. अशा रीतीने, मंडळी, मी जेवायला लागलो.

एक राहिलं. ए विंगमधल्या एका सभासदांशी माझं चार वर्षं बोलणं नव्हतं. मी खजिनदार असताना थकबाकीवरून वाजलं होतं. (त्यांची परवानगी घेऊनच सांगतोय, ते तिसऱ्या रांगेत बसलेत.) त्यांच्याकडे दोघंही आजारी पडले तेव्हा मी दाराबाहेर ब्रेड ठेवला, बेल वाजवली आणि जिन्यावरून पळालो. आठ दिवसांनी फोन आला. चार वर्षांनंतरचं पहिलं वाक्य : ‘मीठ कमी होतं.’ आणि खरंच होतं हो! मग तासभर बोललो. थकबाकीचा हिशोब अजून आम्हा दोघांचा वेगवेगळा येतो.

आता छोटा ओव्हन घेतलाय. 200 अंशांवर 35 मिनिटं. मैद्यात निम्मी कणीक घालतो. रविवारी मुलं येतात, मळून घेतात, निम्मं पीठ फरशीवर. हिच्या वहीतल्या मागच्या कोऱ्या पानावर मी ब्रेडचं प्रमाण लिहून ठेवलंय, तिच्या अक्षराशेजारी माझं अक्षर फार वाईट दिसतं.

उद्या रविवार आहे. सकाळी सातला पीठ भिजवतो, शिकायचं असेल त्यांनी यावं. आणि माझे डबे ज्यांच्याकडे राहिलेत, सी विंगमध्ये दोन आहेत, यादी माझ्याकडे आहे, त्यांनी कृपया आणून द्यावेत. रिकामे चालतील.