म्हाताऱ्यांचा डॉक्टर
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



सकाळपासून तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. "डॉक्टर झालास ते ठीक, पण म्हाताऱ्यांचा मानसोपचार? त्यात बरं काय होतं?" (तिघांपैकी एक आता स्वतः आजोबा झालाय, ते सोडा.) उत्तर लाजिरवाणं आहे, पण इथं सगळी आपलीच माणसं.

मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात माझी इंटर्नशिप चालली होती. आजोबा जाऊन चार महिने झाले होते. कुपवाडच्या घरी आजी जेवेना, पहाटे तीनला उठून बसायची. काही विचारलं की, "मला काय आठवत न्हाई बाळा." घरच्यांनी माझं मत विचारलं, तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "वयोमान आहे, चालायचंच." वर्षभरात आजी गेली.

पुढं मानसोपचारात एमडी करताना कळलं. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण बहुधा विसरणं झाकतो, काहीतरी जुळवून उत्तर देतो. तक्रार घरचे करतात. नैराश्यातलं म्हातारं माणूस मात्र स्वतःच "आठवत नाही" म्हणतं, आणि त्याला भल्या पहाटे जाग येते. आजीला बहुतेक नैराश्य होतं. त्यावर औषध होतं. ते कळलं त्या दिवसापासून वृद्धांच्या ओपीडीत जास्त वेळ बसायला लागलो.

आमच्या वेळी या विषयाची वेगळी पदवी नव्हती. आता एमडीनंतर तीन वर्षांचं डीएम करता येतं, लखनौच्या किंग जॉर्ज विद्यापीठात आणि बंगळूरच्या निम्हान्समध्ये. तरी जागा मोजक्या आणि येणारेही मोजकेच. एका आजोबांना पाऊण तास द्यावा लागतो, तेवढ्यात बाकीचे डॉक्टर दहा पेशंट बघतात! जे येतात त्यांच्या घरी बहुधा एखादी आजी असते.

शिकायचं असतं ते अर्धं मनाचं, अर्धं शरीराचं. काल धड बोलणारी आजी आज भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणाली, तर वेड नव्हे, आधी लघवीचा जंतुसंसर्ग आणि रक्तातलं सोडियम बघायचं. बी-१२ आणि थायरॉइड तपासायचं. सर्दीची साधी गोळीसुद्धा म्हाताऱ्या मेंदूला गोंधळात पाडू शकते. औषध थोडक्यापासून सुरू करून सावकाश वाढवायचं.

तपासणीही बदलावी लागते. जी बाई कधी शाळेत गेली नाही, तिला घड्याळाचं चित्र काढायला सांगून काय कळणार? हरियाणात बल्लभगडच्या खेड्यांतल्या निरक्षर वृद्धांसाठी मुद्दाम हिंदीत चाचणी बेतली होती. मी इथं तारखेऐवजी विचारतो, "बेंदूर झाला का व्हायचाय?"

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण मला पटत नाही. अलीकडच्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या शंभरांत सुमारे सात जणांना स्मृतिभ्रंश आढळला. उरलेल्यांचं काय?

आणि त्या सातांतले बरेचसे बरे होत नाहीत, हे खरं. अल्झायमरवर माझ्याकडं रामबाण नाही. पण रात्रभर दार वाजवणारे सासरे झोपायला लागले की सून चार महिन्यांनी पहिल्यांदा झोपते. तेही मी कामातच धरतो.

आपल्या १९८९च्या बॅचचे आईवडील आता ऐंशीच्या घरात आहेत. जेवणानंतर मी दहावीच्या जुन्या वर्गात, मागच्या बाकावर बसतो. कुणाला काही विचारायचं असेल तर या. गोळ्यांची पिशवी जवळ असेल तर तीही आणा.