टळलेल्या अपघातांची वही



दि. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतमजुरांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला. वसमत तालुक्यातील गुंज गावच्या ७ महिला मृत्युमुखी पडल्या; तिघांचे प्राण वाचले. शासनाने मदत जाहीर केली. पण पैशाने घरची माय परत येत नाही.

आपल्या मुदखेड परिसरातही हळदीच्या, केळीच्या कामाला आपल्याच आया-बहिणी ट्रॉलीत बसून जातात. कधी चाक विहिरीच्या काठावरून घसरता घसरता राहते. आपण काय म्हणतो? "नशीब बलवत्तर, थोडक्यात वाचलो!" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वाटेने जातो. हे नशीब नव्हे, हा इशारा असतो.

अमेरिकेतील हर्बर्ट हाइनरिक यांनी १९३१ साली मांडले, की एका गंभीर अपघातामागे २९ किरकोळ इजा आणि कोणालाही इजा न झालेले ३०० प्रसंग असतात. या आकड्यांबद्दल पुढे वाद झाले, तरी मतितार्थ ध्यानात घेण्याजोगा आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यातही पुढे अशी तरतूद झाली, की ठरावीक धोकादायक घटना घडल्यास इजा झाली नसली तरी ती कळवावी. शेताच्या बांधावर मात्र अशी नोंद कोण ठेवणार?

आम्ही बँकेत काम करणारी माणसे. रोकड मोजताना एका रुपयाचा फरक आला तरी तो शोधला जातो. मग माणसाच्या जिवाचा हिशेब का नको?

एकटी मजूर बाई बोलली तर उद्याचा रोज बुडण्याची तिला भीती असते. म्हणून नोंद संस्थेने ठेवावी. विद्यार्थ्यांनी दर रविवारी वस्तीत विचारपूस करून वहीत लिहावे: कोठे, केव्हा, काय घडले, कशामुळे टळले. सांगणाऱ्याचे नाव लिहू नये. दोष कोणाचा यापेक्षा कारण कोणते, हे शोधावे. नंतर संस्थेने शेतमालक व ग्रामपंचायतीकडे जाऊन विहिरीला कठडा, मजुरांसाठी योग्य वाहन यांची मागणी करावी.

मजूरमंत्री असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर १९४३ मध्ये धनबाद भागातील कोळसा खाणीत स्वतः उतरले होते. आपल्याला तर केवळ वस्तीत जाऊन विचारायचे आहे. त्या वहीचे पहिले पान आजच लिहावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो. जय भीम!