खातेवहीतला माणूस



आज मी देवाबद्दल बोलणार नाही. वहीबद्दल बोलणार आहे. जमाखर्चाच्या वहीबद्दल.

मेथडिस्ट लोकांना लिहून ठेवायची भारी सवय. बाराएक माणसांचा एक ‘क्लास’, त्याला एक पुढारी, त्याच्याकडे यादी. कोण आलं, कोण नाही, कुणी किती पैसे दिले, सगळं कागदावर. तीन महिन्यांनी सभासदाला तिकीट. वर्तन बिघडलं की तिकीट बंद.

आता न्यूयॉर्कला चला. साल 1766. इंग्रजांची वसाहत. फिलिप एम्बरीच्या घरात पहिलं प्रवचन झालं तेव्हा ऐकायला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. त्यात एक काळी मोलकरीण, बेट्टी. बाकीच्यांना आडनावं आहेत. हिला नाही. 1768 साली जॉन स्ट्रीटवर चॅपल उभं राहिलं. वर्गणीदारांच्या यादीत शहरातले बडे लोक आहेत, आणि नुसत्या पहिल्या नावाच्या काळ्या मोलकरणीही आहेत. पैसा चालला. आडनाव कुणी विचारलं नाही.

त्याच चॅपलची झाडलोट, देखभाल करायचा पीटर विल्यम्स. एका तंबाखूवाल्याचा गुलाम. मालक इंग्रजांच्या बाजूचा. युद्ध हरल्यावर तो निघाला देश सोडून. पीटर विकला जाणार, बायकोपासून तुटणार. तेव्हा जून 1783 मध्ये चर्चच्या विश्वस्तांनी त्याला 40 पौंडांना विकत घेतलं. चर्चच्याच वहीत खर्चाच्या बाजूला ही रक्कम आहे. आणि जमेच्या बाजूला? पीटरनं फेडीपोटी दिलेलं घड्याळ, पाच पौंड. पुढे हप्ते. नोव्हेंबर 1785 ला शेवटचा हप्ता. हिशेब चुकता!

विश्वस्तांचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही. त्यांनी त्याला वाचवलं. पण माणूस स्वतःचीच किंमत हप्त्यानं फेडतो आणि देवाच्या घरात त्याची पावती फाडली जाते, हे बघून घ्या. आणि पुढचं ऐका. मुक्तीचा रीतसर कागद त्याच्या हाती आला तो 1796 साली. पैसे फिटल्यावर अकरा वर्षांनी!

कायदा नव्हता असंही नाही. 1784 च्या नाताळात बाल्टिमोरच्या परिषदेत ठराव झाला, सभासदांनी गुलाम मुक्त करावेत. प्रत्येक प्रचारकानं वही ठेवावी. त्यात गुलामांची नावं, वयं, मुक्तिपत्राची तारीख, कुठल्या कोर्टात, कुठल्या पानावर, सगळं लिहावं. केवढी कडक वही! मालक मंडळी खवळली. सहा महिन्यांत ठराव गुंडाळून ठेवला. वही मात्र चालूच राहिली, वेगळ्या कामासाठी. 1786 पासून सभासदांची मोजणी दोन रकान्यांत: गोरे 18,791, काळे 1,890. देव एक, रकाने दोन.

काळ्या सभासदांनी काय केलं? 1796 पासून न्यूयॉर्कमध्ये आपली वेगळी सभा भरवायला सुरुवात केली. 1800 साली झियॉन चर्च बांधलं. 1801 साली रीतसर नोंदणी झाली, त्यात नाव पीटर विल्यम्सचं. एका वहीत खर्चाची बाब असलेला माणूस दुसऱ्या वहीत विश्वस्त झाला.

जोतिबांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. ते ठीकच आहे. पण बेट्टी आणि पीटर यांनाही त्या मोडण्यात धरा. त्यांना कुणी अर्पणपत्रिका लिहिली नाही.

म्हणून सांगतो, जुनी दफ्तरं जाळायच्या गोष्टी करू नका. ती वाचा. आपला माणूस कुठल्या रकान्यात टाकलाय ते शोधा. रक्कम कोणाच्या नावावर, काम कोणाचं, ते ताडून बघा. आणि आपल्या वस्तीची, मंडळाची वही आपण लिहा. त्यात पाणी भरणाऱ्या, सतरंज्या घालणाऱ्या बाईचं नाव लिहाल तेव्हा तिला विचारा, बाई, पूर्ण नाव सांगा.