इंजिन उघडण्याआधी
(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आजवर शिक्षण, आरोग्य, कायदा अशा मोठ्या विषयांवर अधिकारी वक्ते बोलून गेले. आमच्या वाट्याला आलेला विषय मात्र ग्रीसने माखलेला आहे: जुन्या गाडीचे इंजिन बिघडले तर कमी पैशात नेमका दोष कसा ओळखावा? आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटासाठी बँकेत कारकून. इंजिनावर बोलण्याचा आमचा काय अधिकार, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. आमचा अधिकार एवढाच की गाडी गॅरेजमध्ये उभी राहिली की घर कसे बसते, हे आम्ही काउंटरच्या अलीकडून रोज पाहतो.

आपल्या जालना जिल्ह्यात अंबड, भोकरदन, मंठा, परतूर या रस्त्यांवर जुनी काळी-पिवळी जीप किंवा जुनी आपे चालवून घर चालविणारे कितीतरी तरुण आहेत. गाडी सेकंडहँड आणि तीही कर्जाची. कर्जाचा नियम असा की हप्ता 90 दिवसांपेक्षा जास्त थकला म्हणजे खाते अनुत्पादक ठरते. 2004 सालापासून बँकांना हीच मुदत आहे. इंजिनाच्या कामात दीड-दोन महिने गेले आणि त्याच कामासाठी हातउसने पैसे काढले, तर हप्ता भरायचा कशातून? गाडी पुन्हा सुरू होते तेव्हा माणूस कर्जात पार बुडालेला असतो. आणि त्यातली सर्वात दुःखाची गोष्ट म्हणजे पुष्कळदा इंजिनाचे ते काम करण्याची गरजच नसते.

आज आम्हाला एकच गोष्ट सांगावयाची आहे. दोष शोधणे हे दुरुस्तीतले सर्वात स्वस्त काम आहे, आणि नेमके तेच आपण टाळतो. 'इंजिन गेले' हा निदानाचा शेवटचा शब्द आहे. तो पहिलाच शब्द म्हणून कोणी उच्चारला, तर पुरावा मागावा.

बँकेत संध्याकाळी हिशेब जुळला नाही तर आम्ही वर्षभराची खातेपुस्तके उपसत नाही. आधी फरकाचा आकडा पाहतो. फरकाला नऊने निःशेष भाग गेला तर आकड्यांची अदलाबदल झाल्याचा संशय घेतो, 54 च्या जागी 45 पडले असावेत. फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद सापडली तर जमेची रक्कम नावे पडली असावी. म्हणजे चूक स्वतःच आपला पत्ता सांगते, वाचता मात्र यावा लागतो. इंजिनाचेही तसेच आहे.

प्रथम थोडे मूळ तत्त्व पाहू. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने 1897 साली ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. त्यात ठिणगी नसते. सिलिंडरमधली हवा सुमारे विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते, ती 500 अंशांच्याही वर तापते आणि तिच्यात डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. शेतावर किर्लोस्करचे इंजिन चालविलेल्या कोणालाही हे वेगळे सांगावयास नको. तेव्हा जुन्या डिझेल गाडीला तीनच गोष्टी हव्यात: पुरेशी हवा, योग्य वेळी डिझेल आणि पुरेसा दाब. यांपैकी हवा व डिझेल यांची तपासणी शे-दोनशे रुपयांत होते. खर्चाचा डोंगर आहे तो दाबापाशी, कारण लायनर, पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व्ह तिथे आहेत. म्हणून स्वस्ताकडून महागाकडे जावे, उलट जाऊ नये.

पाना हातात घेण्यापूर्वी वहीत चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत. त्रास थंड इंजिनाला होतो की गरम? सपाटीवर होतो की चढावर? एकाएकी सुरू झाला की महिनोन्‌महिने वाढत गेला? आणि त्याच्या अगोदर गाडीला कोणते काम केले होते? रिंगा एका रात्रीत झिजत नाहीत. काल चांगली ओढणारी गाडी आज ओढत नसेल, तर कचरा, हवा, सुटलेला पाइप असेच काहीतरी असण्याचा संभव अधिक. हजार किलोमीटरला किती ऑइल टाकावे लागते आणि रेडिएटरमध्ये आठवड्याला किती पाणी, हेही लिहीत जावे. ज्याच्याकडे ही वही आहे त्याला फसविणे कठीण.

त्यानंतर धूर पाहावा. काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. एअर क्लीनर चोंदला आहे, नोझल फवारा न मारता थेंब गाळते आहे, किंवा गाडीत माणसे ठासून भरली आहेत. आपल्या भागातल्या धुळीत एअर क्लीनरकडे सर्वात आधी पाहावे. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. तिथेही लगेच रिंगांवर जाऊ नये. इंजिनात ऑइल खुणेच्या वर भरले आहे काय, ऑइलच्या एअर क्लीनरमध्ये ते जास्त ओतले आहे काय, हे आधी पाहावे. पांढऱ्या धुराचे दोन प्रकार आहेत. डोळ्यांना झोंबणारा आणि डिझेलचा वास येणारा धूर म्हणजे न जळलेले डिझेल: हिटर प्लग, टायमिंग, इंधनात शिरलेली हवा किंवा कमी झालेला दाब. झोंबत नाही, वाफेसारखा आहे, गाडी गरम झाल्यावरही थांबत नाही आणि रेडिएटरचे पाणी कमी होते आहे, तर हेड गॅसकेटवर संशय घ्यावा. ऑइल दूध घातलेल्या चहासारखे दिसू लागले तर संशय पक्का.

आता आपल्या संस्थेच्याच जीपची हकीकत सांगतो. खेड्यांतले रुग्ण जालन्याच्या जिल्हा रुग्णालयात आणण्यासाठी आणि परीक्षेच्या दिवसांत मुलांना केंद्रावर पोहोचविण्यासाठी आपण ती जुनी घेतली, हे आपण जाणताच. एका हिवाळ्यात ती सकाळी सुरू होईना. सेल्फ मारून मारून बॅटरी उतरे. सुरू झाली की पांढरा धूर आणि मिसिंग, चढावर तर बंदच पडे. एका गॅरेजमध्ये बोनेट उघडून पाच मिनिटांत निकाल मिळाला: लायनर-पिस्टन बदला, सत्तर हजार धरून चाला. संस्थेच्या खात्यात तेव्हा अकरा हजार होते. गाडी विकून टाकावी, असा ठराव यायचाच बाकी होता.

आम्ही काही सभासद आणि आयटीआयला शिकणारी दोन मुले वही घेऊन बसलो. ड्रायव्हरच्या बोलण्यातून एक विचित्र गोष्ट निघाली. कोणी देणगीदार टाकी भरून देई, तेव्हा चार-सहा दिवस गाडी शहाण्यासारखी चाले. एरवी आपण पाच-पाच लिटर डिझेल घालणारे लोक. टाकी निम्म्याच्या खाली गेली की त्रास सुरू. रिंगांना टाकीत किती डिझेल आहे हे कसे कळणार? तेव्हा दोष इंजिनात नसून टाकीच्या बाजूला असावा, असा तर्क केला. मग तो तपासला. स्वच्छ डबक्यात डिझेल घेऊन तो इंजिनाहून उंच धरला, टाकीकडून येणारा पाइप सोडवून डब्यातून नवी नळी थेट फीड पंपाला जोडली, लाइनमधली हवा काढली आणि सेल्फ मारला. गाडी लगेच सुरू झाली आणि अर्धा तास एकदाही अडखळली नाही. इंजिन निर्दोष सुटले!

टाकीतून डिझेल ओढणारा पाइप बाहेर काढला, तर मध्यावर गंजून त्याला बारीक चीर पडली होती. डिझेल चिरेच्या वर असे तोवर ठीक. खाली गेले की पंप डिझेलबरोबर हवा ओढी आणि रात्री उभ्या गाडीचे डिझेल टाकीकडे परत उतरे. पाइप टाकीपासून दूर नेऊन पितळी वेल्डिंग केले, कारण डिझेलच्या टाकीजवळ ज्योत नेणे म्हणजे जिवाशी खेळ. रबरी नळी, क्लिपा आणि तांब्याचे वॉशर नवे घातले. एकूण खर्च 740 रुपये. सत्तर हजारांचे काम केले असते तरी ती चीर तशीच राहिली असती, हे ध्यानात घ्यावे. आणि टाकी कधी भरतच नसल्याने हा दोष गरिबाच्याच गाडीला अधिक छळतो, हेही.

समजा, दोष खरोखर इंजिनात आहे. तरी चार सिलिंडरांपैकी कोणता आजारी आहे ते ठरविता येते. इंजिन चालू असताना पंपाकडून येणाऱ्या एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल करावा. आवाज बदलला तर तो सिलिंडर काम करीत होता. काहीच फरक पडला नाही तर आजारी तोच. मग इंजिन बंद करून त्याचे नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून पाहावे. दोष नोझलबरोबर गेला तर पंप-नोझलवाल्याकडे जावे, दोष जागेवरच राहिला तर दाब तपासावा, तोही डिझेलच्या मीटरने; पेट्रोलचा मीटर तो दाब सोसणार नाही. हे काम जाणत्या मिस्त्रीच्या समोर, नटावर फडके धरून, हात व डोळे दूर ठेवून करावे, कारण दाबाखालचे डिझेल कातडी भेदून आत शिरते. आणि कॉमन रेलच्या नव्या गाड्यांवर हा प्रयोग कधीही करू नये. तिथे दाब कितीतरी पटींनी अधिक असतो.

विद्यार्थी मित्रांकडे जुन्या दुचाक्या आहेत. पेट्रोलच्या इंजिनाला ठिणगीही लागते आणि तिथे प्लग बोलतो. फिकट तपकिरी असला तर ठीक, कोरडी काजळी धरली असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, ओला व तेलकट असेल तर ऑइल वर चढते आहे.

काही वेळा तर इंजिनाचा संबंधच नसतो. गाडी ओढत नाही म्हणून आलेल्या माणसाने दहा किलोमीटर चालवून चारही चाकांजवळ जपून हात न्यावा. एकच चाक फार तापले असेल तर ब्रेक धरून आहे. इंजिन जोरात फिरते पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतो आहे. सेल्फ मंद फिरतो, तर बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुकटी आणि अर्थची तार साफ करावी. गाडी तापते, तर फॅनबेल्ट आणि रेडिएटर पाहावा. आपल्याकडचे बोअरचे पाणी क्षारांचे, त्याचा थर नळ्यांत बसतो. मात्र गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये. ती वाफ माणसाला कायमचा अधू करू शकते.

काटकसरीलाही मर्यादा आहे. ऑइलच्या दाबाचा दिवा लागला, तापमानाचा काटा लाल खुणेत गेला किंवा खालून ठोक्यांचा आवाज येऊ लागला, तर तिथेच इंजिन बंद करावे. आणखी पाच किलोमीटर रेटण्याची किंमत क्रँकशाफ्ट इतकी असू शकते. ब्रेक आणि स्टिअरिंग यांत तर एक रुपयाही वाचवू नये. आणि सर्व तपासण्यांनंतर दाबच कमी निघाला, तर इंजिनाचे काम मुकाट्याने करावे किंवा कागद मांडून हिशेब करावा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते, पुढे योग्यता तपासणी व नूतनीकरण येते. गाडीची बाजारातली किंमत आणि कामाचा खर्च शेजारी शेजारी लिहिले की उत्तर बहुधा स्वतःच दिसते.

शेवटी मिस्त्रींविषयी. त्यांना चोर म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. आपल्या गावातले कितीतरी मिस्त्री नुसत्या आवाजावरून दोष ओळखतात. पण आपण त्यांना तपासणीचे पैसे देतो काय? 'नुसते पाहिले तर, त्याचे कसले पैसे?' असे म्हणून आपण निघून येतो. ज्याला पाहण्याचे काहीच मिळत नाही, तो उघडण्यावरच कमावणार. तेव्हा तपासणीची मजुरी आधी ठरवून हातावर ठेवावी आणि काय पाहिले, काय आढळले ते वहीत लिहून घ्यावे. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. बदललेला जुना भाग परत मागावा आणि नव्याची पावती घ्यावी. यात अपमान कोणाचाच नाही. बँकेतही आम्ही सहीशिवाय पैसे देत नाही.

या निमित्ताने संस्थेपुढे एक सूचना ठेवतो. मल्टिमीटर, डिझेलचा दाब मोजण्याचा मीटर, पान्यांचा एक संच आणि पारदर्शक नळी, एवढी सामाईक हत्यारपेटी संस्थेने घ्यावी. महिन्यातून एका रविवारी सभासदांच्या गाड्या तपासाव्यात. आयटीआयच्या मुलांनी तपासावे, एका अनुभवी मिस्त्रीला मानधन देऊन देखरेखीस बोलवावे आणि प्रत्येक गाडीची वही ठेवावी. मुलांना हात बसेल आणि एखाद्या घराचा हप्ता वेळेवर भरला जाईल. बँकेच्या खिडकीतून आम्हाला तेवढेच पाहावयाचे आहे.