हातात छत्री, मग आवणी कशी करायची?

(त्र्यंबकेश्वरला शिक्षक आणि वाचनालयाचं काम करणाऱ्या मंडळींसमोर केलेल्या बोलण्याचं हे शब्दांकन. ऐकायचा भाग आहेच, ज्यांना वाचायला सोयीचं वाटतं त्यांच्यासाठी हे. बोलण्याचा सूर फारसा बदललेला नाही.)

बाहेर एवढा पाऊस, ब्रह्मगिरी दिसतसुद्धा नाहीये, तरी तुम्ही हर्सूलकडून, अंजनेरीकडून आलात. आधी त्याबद्दल आभार. मला अर्धा तास दिलाय, पण मी लवकर थांबेन, कारण मागच्या टेबलावर पुस्तकं मांडली आहेत आणि ती बघायला वेळ उरला पाहिजे.

विषय आहे चित्रपुस्तकांचा. लहान मुलांची, पानभर चित्रं आणि दोन-चार ओळी मजकूर असलेली पुस्तकं. ती म्हटली की आपल्या मनात काय येतं? पोराला अजून वाचता येत नाही ना, मग तोवर चित्रं बघू दे. वाचायला आलं की 'खरी' पुस्तकं देऊ. माझं भांडण आहे ते या समजुतीशी.

ही समजूत आली कुठून, तेही बघू. आपल्यापैकी बरेच जण 'चांदोबा' वाचत मोठे झाले. तो १९४७ साली मद्रासला तेलुगू आणि तमिळमध्ये सुरू झाला, आणि १९५२ पासून मराठीत यायला लागला. खांद्यावर प्रेत घेऊन तलवार उपसून निघालेला विक्रम राजा आठवतो ना? ते चित्र शंकर या चित्रकाराचं. मग १९७१ मध्ये बालभारतीनं 'किशोर' सुरू केलं. त्याचे जुने अंक आता संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, जरूर बघा. दोन्हीकडे चित्रं उत्तम होती. पण एक गंमत करून बघा. 'चांदोबा'तल्या एखाद्या गोष्टीवरचं चित्र हातानं झाका. गोष्ट तशीच्या तशी उरते. चित्र म्हणजे जेवणातलं लोणचं, असलं तर बहार, नसलं तरी पोट भरतं.

चित्रपुस्तकात तसं होत नाही. तिथं चित्र झाकलं तर गोष्ट लंगडी होते, कारण अर्धी गोष्ट चित्रातच असते. मराठीत हे सगळ्यात नीट समजलेलं नाव म्हणजे माधुरी पुरंदरे. त्या मुळात चित्रकलेच्या विद्यार्थिनी, जे. जे. मधल्या. लिहितातही त्या, काढतातही त्याच. प्रथम बुक्सचं 'बाबांच्या मिशा' घ्या, किंवा ज्योत्स्ना प्रकाशनाची 'यश'ची पुस्तकं घ्या. शब्द जे सांगत नाहीत ते चित्र सांगतं, आणि चित्राला जे जमत नाही तेवढ्यापुरतेच शब्द येतात. त्यांचं 'चित्रवाचन' नावाचं पुस्तक तर नावापासूनच सांगतं की चित्र नुसतं बघायचं नसतं, वाचायचं असतं. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. बक्षिसाचं कौतुक बाजूला ठेवू, पण त्या निमित्तानं कुणी कपाट उघडलं असेल तर बरंच झालं म्हणायचं.

आता मूळ मुद्दा. इथल्याच तालुक्यातला एक पाडा. दुसरीतला एक मुलगा. "याला वाचता येत नाही," असं मला त्याच्यासमोरच सांगितलं गेलं. आम्ही एक पुस्तक उघडलं. पावसाचं चित्र, भातखाचर, त्यात उभी असलेली आई, आणि तिच्या हातात लाल छत्री. खाली ओळ होती, आई शेतात काम करते. पोरगा बराच वेळ चित्राकडे बघत राहिला आणि त्याच्या घरच्या बोलीत काहीतरी म्हणाला. मला कळलं नाही, शेजारच्या मुलीनं समजावून सांगितलं. तो विचारत होता, हातात छत्री आहे, मग ही आवणी कशी करणार? इरलं का नाही घेतलं?

बघा हं. पोरानं चित्र पाहिलं, चित्र आणि मजकूर जुळत नाही हे पकडलं, स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहिलं आणि चूक दाखवली. याला वाचन नाही तर काय म्हणायचं? चित्रकारानं बहुधा शहरात बसून चित्र काढलं असणार. आवणीला दोन्ही हात लागतात, एका हातात रोपांची मूठ आणि दुसऱ्यानं लावायचं, हे त्याला कुणी सांगितलं नसेल. दुसरीतल्या पोराला ते ठाऊक होतं. त्याला अडत होती ती अक्षरं, आणि त्याहून जास्त ती भाषा.

इथं बसलेल्या तुम्हाला हे मी सांगायला नको. या तालुक्यात बहुसंख्य माणसं आदिवासी आहेत. महादेव कोळी, कोकणा, वारली, ठाकर. घरात एक बोली, शाळेच्या पुस्तकात दुसरी. पहिलीतल्या मुलाला एकाच वेळी दोन डोंगर चढायला लावतो आपण, नवीन भाषा आणि नवीन लिपी. चित्र त्याला निदान पहिल्या टप्प्यावर उभं करतं. चित्रावर तो स्वतःच्या बोलीत बोलू शकतो आणि तिथं त्याचं काही चुकत नाही.

आणि चित्र वाचणं या मुलांना नवीन आहे असंही समजू नका. मोखाडा-जव्हारपासून आपल्या या भागापर्यंत होळीनंतर बोहाडा होतो. रात्रभर संबळ वाजतो, एकेक सोंग येतं. मुखवटा लांबून दिसला की चार वर्षांचं पोरही सांगतं, हा गणपती, ही शारदा, हा रावण. कुणी पाटी लावलेली नसते. रंग, चाल, डोक्यांची संख्या यावरून ओळख पटते. हे चित्रवाचनच झालं की! फक्त ते आपण शाळेच्या दाराबाहेर ठेवून येतो.

त्र्यंबकला बसून चित्रांबद्दल बोलायचं आणि दादासाहेब फाळक्यांचं नाव घ्यायचं नाही, असं कसं होईल? ३० एप्रिल १८७० ला ते इथंच जन्मले. सिनेमावाले म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण त्याआधी हा माणूस चित्रकला शिकला, फोटोग्राफी शिकला, आणि पुढं छपाईच्या धंद्यात शिरला. लोणावळ्याला स्वतःचा छापखाना काढला, रंगीत छपाईसाठी जर्मनीला जाऊन आला. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली आला तो मूकपट. पडद्यावरच्या पाट्या वाचता येणारे प्रेक्षक तेव्हा किती असणार! तरी लोकांना गोष्ट कळली, कारण हरिश्चंद्र त्यांना आधीच माहीत होता. चित्र असंच चालतं. बघणाऱ्याच्या आत काहीतरी आधीपासून असावं लागतं, चित्र त्याला हात घालतं. म्हणून आपल्या मुलांच्या पुस्तकात नागली, वरई, इरलं, कोंबड्यांची खुराडी दिसली पाहिजेत. सगळ्याच पुस्तकांत नको. हत्ती-जिराफ-आगगाडी त्यांनाही हवीच आहे. पण एकाही पुस्तकात आपलं घर नाही, असं होऊ नये.

मग अशी पुस्तकं आणायची कुठून? प्रथम बुक्सचं 'स्टोरीविव्हर' हे व्यासपीठ २०१५ मध्ये सुरू झालं. तिथली पुस्तकं खुल्या परवान्याखाली आहेत, म्हणजे उतरवून घ्या, छापा, आणि महत्त्वाचं म्हणजे भाषांतर करा. ओडिशात मुंडा, कुई, सौरा, जुआंग या भाषांत चित्रपुस्तकं झाली आहेत, त्या त्या समाजातल्या माणसांनी लिहिलेली. मग कोकणा बोलीत का होऊ नयेत? आठ ओळींचं पुस्तक आहे हो. तुमच्या शाळेतली स्वयंपाकाची ताई एका दुपारी करून देईल, तुम्ही फक्त लिहून घ्या. आणि इथून जव्हारच्या रस्त्यानं उतरलात की पुढं वाडा तालुक्यात सोनाळ्याला 'क्वेस्ट' संस्था आहे. त्यांचा 'गोष्टरंग' नावाचा उपक्रम आहे. मुलांच्या पुस्तकातली गोष्ट नट आश्रमशाळेत सादर करतात आणि मग तेच पुस्तक मुलांच्या हातात येतं. जमलं तर एकदा जाऊन बघाच.

खरेदीबद्दल थोडं खडूस बोलतो. अनुदान आलं की आपण पानं मोजतो. दोनशे पानांचं पुस्तक परवडलं, सोळा पानांचं महाग वाटलं. दोनशे पानांचं पुस्तक कपाटात पडून राहतं आणि सोळा पानांचं चाळीस वेळा वाचलं जातं, हा हिशोब कुणी मांडत नाही. बरं, आणलेल्या पुस्तकांचं काय होतं? एका शाळेत मी नवी कोरी चित्रपुस्तकं कुलपात पाहिली. का, तर फाटतील. फाटू द्या ना! चिकटपट्टी कशाला असते?

वाचून दाखवताना दोन-तीन गोष्टी सांभाळा. पुस्तक स्वतःकडे नको, मुलांकडे धरा, आणि चाळीस मुलांसमोर तळहाताएवढं पुस्तक फडकवू नका. सहा-सात जणांना जवळ घ्या, बाकीच्यांना काहीतरी काढायला द्या. "हे काय आहे? मांजर. हे काय आहे? झाड," असली परीक्षा तर अजिबात नको, मुलं दोन मिनिटांत कंटाळतात. "इथं काय चाललंय?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं आपल्याला अवघड जातं, धंद्याची सवय आहे. पण दहा आकडे मोजा मनात. सातव्या-आठव्या आकड्याला कुणीतरी बोलतंच. आणि बोलीत बोललं तर लगेच 'शुद्ध' करायला जाऊ नका.

दिवाळीनंतरचं मात्र सोपं उत्तर माझ्याकडे नाही. भात निघालं की कुटुंबं द्राक्षबागांच्या कामाला जातात, गिरणाऱ्याला मजुरांचा बाजार भरतो, तिथून कुणाच्या बागेत जातील ते त्यांनाही माहीत नसतं. मुलं बरोबर. इथल्या एक बाई अशा प्रत्येक मुलाच्या पिशवीत दोन पातळ चित्रपुस्तकं घालून देतात. वहीत नोंद ठेवतात, परत येतील न येतील. काही येतात, काही येत नाहीत. गेल्या वर्षी एक पुस्तक परत आलं तेव्हा त्याच्या मागच्या कोऱ्या पानावर पेनानं द्राक्षांचे मांडव काढलेले होते, एकाखाली एक, आणि खाली बसलेली माणसं. बाईंनी ते पुस्तक तसंच पुन्हा कपाटात लावलंय. यावर्षी तेच सगळ्यात जास्त मागितलं जातं.

एवढंच. टेबलावर पुस्तकं आहेत, उचला, उलटी-सुलटी करा, मांडीवर घेऊन बसा. चहा येतोय तोवर काही विचारायचं असेल तर विचारा.