फोटोतल्या बाईला विचारलं का?
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)

मागच्या महिन्यात आम्ही सहाजणी दोन दिवस मुंबईला जाऊन आलो. मोर्चा नव्हता, बैठक नव्हती. फोटोंची प्रदर्शनं बघायची आणि रस्त्यानं हिंडत फोटो काढायचे, एवढंच. घरी हे सांगताना मात्र जीभ अडखळली. मोर्चाला जाते म्हटलं तर आता कुणी अडवत नाही. नुसती हिंडायला जाते म्हटलं की कपाळाला आठ्या पडतात.

पहिल्या दिवशी काळा घोड्याजवळच्या जहांगीर कलादालनात गेलो. फोटो बघता बघता आमच्यातली एक म्हणाली, "भिंतीवर बाया पुष्कळ आहेत. पण फोटो काढणाऱ्यांत किती?"

मला होमाई व्यारावाला आठवल्या. जन्म १९१३चा, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. भारतातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून आज आपण त्यांना ओळखतो. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या, माणेकशा यांच्या नावानं! पुढे दिल्लीत साडी नेसून, जड कॅमेरा खांद्यावर घेऊन त्यांनी स्वातंत्र्याचा काळ टिपला. १९७०च्या सुमारास त्यांनी हे काम थांबवलं. पद्मविभूषण मिळालं २०११ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी.

दुसऱ्या दिवशी चर्चगेटच्या बाहेर उभ्या राहिलो. बाई रस्त्यावर चालते, पण नुसती उभी राहत नाही. दहा मिनिटांत एकानं विचारलंच, "कुणाची वाट बघताय?" मी म्हटलं, "कुणाचीच नाही. बघतेय." एरवी रस्ता आपल्याला बघतो, त्या दिवशी आम्ही रस्त्याला बघत होतो. मोठं मोकळं वाटलं.

तेवढ्यात एक केळीवाली टोपलीला टेकून डुलकी घेताना दिसली. उन्हाची तिरीप तिच्या हातावर पडलेली. मी पटकन मोबाइल काढून फोटो घेतला. तिनं डोळे उघडले. "विचारलं का, बाई? निजलेल्या माणसाचा फोटो काढतात का?"

मी खजील झाले. तिच्यासमोरच फोटो पुसून टाकला. मग तिनं पदर सारखा केला, केळ्यांचा घड पुढे मांडला आणि ताठ बसून म्हणाली, "आता काढा." तो फोटो माझ्याकडे आहे. पहिल्याइतका सुंदर नाही. पण तो तिचा आहे.

मैत्रिणींनो, होमाईबाईंच्या फोटोंवरून काढणारीचं नाव गेलं होतं. आपल्या अहवालांतून, पोस्टरांवरून फोटोतल्या बाईची संमती जाते. 'पीडित महिला' असं खाली लिहून आपण किती चेहरे छापले? तिला विचारलं होतं का? छापलेला अंक तिच्या हाती दिला का? आता तर फोटो क्षणात गावभर होतो. तिच्या घरी, सासरी पोचतो. त्याची झळ तिला लागते, आपल्याला नाही.

म्हणून दोन गोष्टी सुचवते. प्रत्येक गटानं वर्षातून एकदा तरी असं हिंडायला जावं, कामाचं निमित्त न काढता. आणि फोटो काढण्याआधी विचारावं. ती नाही म्हणाली, तर कॅमेरा खाली ठेवावा. नाही म्हणण्याचा हक्क आपण जगाकडे मागतो. तो आधी आपण एकमेकींना देऊ या.