कुराण प्रथमच हाती घेताना
(वर्षावास व्याख्यानमालेत लोणावळा येथे दिलेले भाषण)



यंदाच्या व्याख्यानमालेत इतर धर्मांच्या ग्रंथांची ओळख करून घ्यावी, असे संस्थेने ठरविले आणि कुराणाचा विषय माझ्याकडे सोपविला. मी मौलवी नाही, अरबीचा पंडितही नाही. मराठी भाषांतर घेऊन बसणारा आणि अडेल तिथे शेजारच्या जाणत्यांना विचारणारा एक निवृत्त शिक्षक आहे. त्यामुळे कुराणाचे सार सांगण्याचा आव मी आणणार नाही. ज्याने हा ग्रंथ कधीच उघडला नाही, त्याने तो कसा उघडावा, एवढ्यापुरतेच बोलणार आहे.

1863 साली बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि आपल्या या गावात नाना ठिकाणची, नाना धर्मांची माणसे आली. पिढ्यान्पिढ्या आपण एकाच बाजारात भाजी घेतो, एकाच गाडीने पुण्याला जातो. पण शेजाऱ्याच्या घरात कापडात गुंडाळून उंचावर ठेवलेल्या त्या ग्रंथात काय आहे, हे आपण कधी विचारले नाही. आता न विचारताच उत्तरे येऊ लागली आहेत, मोबाईलवर. मागे आपल्याच वस्तीतल्या एका तरुणाने असा एक संदेश मला दाखवला. नवव्या सूरेतली पाचवी आयत होती. "गुरुजी, हे खरंच लिहिलंय का?" म्हणाला. शाळेपासूनच्या एका मुसलमान मित्राबरोबर चहाला बसणे त्याने तेवढ्यावरून बंद केले होते.

मी म्हटले, लिहिलेले आहे. पण चौथी वाचलीस का? सहावी वाचलीस का? मग आम्ही दोघांनी भाषांतर काढून सूरेच्या सुरुवातीपासून वाचले. तिथे विषय आहे तो करार झालेल्या अरबस्तानातील अनेकेश्वरवादी टोळ्यांचा. त्यांना चार महिन्यांची मुदत दिलेली आहे. चौथ्या आयतीत, ज्यांनी करार पाळला त्यांच्याशी मुदत संपेपर्यंत करार पाळावा, अशी आज्ञा आहे. पाचवीत युद्धाची आज्ञा आहे, आणि ते पश्चात्ताप करून नमाज व जकात पाळू लागले तर त्यांची वाट मोकळी करावी, असेही आहे. सहावीत त्याच अनेकेश्वरवाद्यांपैकी कोणी आश्रय मागितला तर तो द्यावा, आणि त्याला सुरक्षित जागी पोचते करावे, असे सांगितले आहे. एवढे वाचून पाचवी आयत मवाळ होते, असे मी म्हणणार नाही. ती कठोरच आहे, आणि तिचा अर्थ खुद्द मुसलमान भाष्यकारांनीही वेगवेगळा लावला आहे. पण सहा ओळींमधली एकच ओळ पाठविणाऱ्याने बाकीच्या पाच का गाळल्या, हा प्रश्न तरी त्या मुलाला पडला. तो मित्राकडे गेला की नाही, हे मी त्याला विचारलेले नाही.

आता आरंभाकडे येऊ. नवखा माणूस पहिल्या पानापासून सुरू करतो. सात आयतींची फातिहा ही प्रार्थना चटकन वाचून होते आणि लगेच समोर येते ती 286 आयतींची अल-बकरा. (बकरा म्हणजे आपला बोकड नव्हे बरे, अरबीत त्याचा अर्थ गाय.) तिच्यात प्रार्थना आहे, पूर्वीच्या पैगंबरांच्या कथा आहेत, उपवास, घटस्फोट, कर्ज यांचे नियम आहेत. वाचणारा गोंधळतो आणि पुस्तक ठेवून देतो. कारण हा ग्रंथ काळाच्या क्रमाने लावलेला नाही. सुमारे 23 वर्षांत, 610 ते 632 या काळात, तो थोडा थोडा सांगितला गेला, अशी श्रद्धा आहे. त्याच्या 114 सूरा मात्र ढोबळमानाने मोठ्या आधी व लहान शेवटी अशा लावल्या आहेत. शेवटच्या लहान सूरा बहुतेक मक्केतल्या, म्हणजे आधीच्या. म्हणून माझा सल्ला असा, की फातिहा वाचा आणि मग शेवटच्या पाऱ्यातून मागे मागे या. सूरा मक्केची की मदिनेची, ते भाषांतरात बहुधा वर दिलेले असते, तिकडे आधी पाहा. मक्केत मूठभर माणसे छळ सोसत होती, मदिनेत समाज चालवायचा होता. बोलण्याचा सूर त्याप्रमाणे बदलतो.

दुसरी गोष्ट, हा ग्रंथ मुळात ऐकण्याचा आहे. कुराण या शब्दाचा अर्थच पठण. संपूर्ण ग्रंथ मुखोद्गत असलेल्या माणसाला हाफिज म्हणतात. आपल्याला हे परके वाटण्याचे कारण नाही. तिपिटकही लेखी येण्यापूर्वी कित्येक पिढ्या भाणकांच्या मुखात होते. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दानलेख आहेत, त्यात सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या भाणकाने दिलेल्या खांबाचा लेख आहे. पुढच्या वेळी एकवीरेच्या पायऱ्या चढाल तेव्हा जरूर पाहा. म्हणून अर्थ कळला नाही तरी एकदा कोणाकडून तरी पठण ऐकावे, आणि मग भाषांतर उघडावे.

शब्दांचेही भय नको. कलम, किताब, हक्क, इमान, हिशेब हे सारे आपले रोजचे शब्द अरबीतूनच आलेले आहेत आणि कुराणात भेटतात. फार काय, आपण ज्यांना बाबासाहेब म्हणतो त्या नावातला 'साहेब' अरबीच. मराठी माणूस अगदी कोऱ्या पाटीने येत नाही.

या बाबतीत विनोबा भावे यांचे उदाहरण घेण्यासारखे आहे. गांधीवादी मंडळींशी आपल्या चळवळीचे मतभेद होते आणि आहेत, ते आज बाजूला ठेवू. विनोबांचा जन्म 1895 सालचा, आपल्या घाटाखालच्या पेण तालुक्यातल्या गागोद्याचा. या गृहस्थाने चाळिशी उलटल्यावर अरबी शिकून कुराण मुळातून वाचले, नुसते वाचले नाही तर म्हणायला शिकले. पुढे अनेक वर्षांनी त्यांनी 'कुराण-सार' तयार केले, त्यात आयती विषयवार लावल्या. धम्मपदाच्या गाथाही त्यांनी अशाच नव्या क्रमाने लावल्या, हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. सार चांगले आहे, पण माझ्या मते ते दुसऱ्या वाचनाला घ्यावे. सार म्हणजे दुसऱ्याने निवडलेले, मग निवडणारा कितीही मोठा असो. मोबाईलवाल्याने कठोर ते निवडले, विनोबांनी उदात्त ते निवडले. आपण आधी सगळे पाहावे.

सगळे पाहिल्यावर सगळे पटेलच असे नाही. ईश्वर, अंतिम निवाडा, नरकाची वर्णने यांच्याशी आपला मेळ बसणारा नाही. स्त्रियांविषयीच्या काही आयतींपाशी मी अजूनही थांबतो. वारसाहक्कात मुलीचा वाटा मुलाच्या निम्मा आहे, हे वाचून आपल्या भगिनी प्रश्न विचारतील, त्यांनी विचारावेत. सातव्या शतकात मुलीचा वाटा ग्रंथात लिहून ठेवला गेला, हेही सोबत ध्यानात घ्यावे. आणि काही जागा सरळ आवडतात. सोळावी सूरा मधमाशीच्या नावाची आहे. डोंगरात, झाडांवर घर करण्याची प्रेरणा तिला मिळाली आणि तिच्या पोटातून माणसाला गुणकारी पेय येते, असा तिथे आशय आहे. कड्याकपारीतली आग्या मोहोळे पाहिलेल्या मावळच्या माणसाला याला टीप लागत नाही.

ग्रंथालयाच्या कपाटात दोन निरनिराळी मराठी भाषांतरे ठेवली आहेत. अडलेली आयत दोन्हींत ताडून पाहा. मुसलमान बांधव हा ग्रंथ हात-तोंड धुऊन, वजू करून घेतात, जमिनीवर ठेवीत नाहीत. आपणही तो टेबलावरच ठेवू. पुढच्या रविवारी बाजारपेठेतले एक वयस्क हाफिज येथे येण्यास कबूल झाले आहेत. ते फातिहा आणि शेवटच्या काही सूरा म्हणतील, आपण मराठी अर्थ समोर ठेवून ऐकू, मग प्रश्न विचारू. वही-पेन आणा. पाऊस असला तरी साडेचारला सुरू करायचे आहे, कारण सूर्यास्ताच्या मगरीबच्या नमाजाला त्यांना परत पोचायचे असते.